फिलर भरलेल्या पॉलिमरचं मॉडेल: आधी टक्के कशाचे ते बघा

मॉडेल आणि चाचणी जुळत नाही म्हटलं की नवखी मुलं लगेच समीकरण बदलतात. थांबा. घोळ बहुधा टक्क्यांत असतो. डेटाशीटवरचे ४० टक्के फिलर (पॉलिमरमध्ये मिसळलेली पूड) हे वजनाचे. गुथ, हॅल्पिन-त्साई, मोरी-तानाका या कडकपणाचा अंदाज देणाऱ्या मॉडेलांना लागतो तो आकारमानाचा हिस्सा (फाय).

एकदा हातानं हिशोब कराच. १०० ग्रॅम मालात ४० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट (घनता २.७) आणि ६० ग्रॅम पॉलिप्रॉपिलीन (घनता ०.९). म्हणजे १४.८ आणि ६६.७ घन सेंमी. फिलरचा हिस्सा ०.१८२. गुथच्या समीकरणात (१ + २.५ फाय + १४.१ फाय वर्ग) हा आकडा टाकला तर मॉड्युलस (कडकपणा) निव्वळ पॉलिमरच्या १.९२ पट येतो, ०.४० टाकला तर ४.२६ पट! आणि मग आलेख बसवायला इंटरफेसचा (कण आणि पॉलिमर यांच्यातल्या जोडाचा) आकडा फिरवत महिने जातात. असा ओढून बसवलेला आलेख प्रबंधात घालू नका.

पुरवठादाराच्या आकड्यावरही विसंबू नका. तुकडा मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) ५५० अंशांना जाळून राख तोला. ९०० ला नेलात तर कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि ४० च्या जागी २२ टक्केच दिसतात. मग पाण्यात तोलून घनता काढा. वरच्या मिश्रणाची १.२३ यायला हवी, १.१९ आली तर सुमारे ३ टक्के पोकळ्या आहेत, त्या मॉडेलमध्ये धरा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात करवंटी सहज मिळते, म्हणून इपॉक्सीत तिची पूड घालायचा मोह होतो. जरूर घाला. पण पावसाळ्यात ती उघड्यावर ओल धरते आणि ओल्या पुडीनं बुडबुडे येतात. १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, लगेच डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. घनता पुस्तकातून उचलू नका, पिक्नोमीटरनं मोजा. कण गोल नसतात, तेव्हा गुथ इथे अंदाजापुरताच.

फायनाइट एलिमेंटमध्ये (नमुन्याचे बारीक भाग पाडून संगणकावर केलेल्या गणितात) सर 'टू-डी चालेल' म्हणाले तरी नम्रपणे नाही म्हणा. टू-डीतलं वर्तुळ म्हणजे लांबच लांब दंडगोल, कण नव्हे. थ्री-डीत गोळे एकेक करून यादृच्छिक टाकताना आकारमानाच्या ३० टक्क्यांनंतर जागा मिळेनाशी होते, ३८ च्या आसपास अडतंच. कोड चुकला म्हणून घाबरू नका, ती पद्धतीचीच मर्यादा आहे.

ताकदीचा अंदाज या लवचिक मॉडेलकडून मागू नका. कण मॅट्रिक्सपासून (भोवतालच्या पॉलिमरपासून) सुटायला लागले की गणितच वेगळं. मॉड्युलस मात्र ०.०५ ते ०.२५ टक्के स्ट्रेनमध्ये (मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या वाढीत), नमुन्यावरच ही वाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावूनच मोजा. क्रॉसहेडवरून (चाचणी यंत्राच्या सरकत्या भागावरून) काढलात तर ग्रिपमधली सरक धरून तो कमीच येतो.