शहर वाढतंय पण पाण्याची लेव्हल कुणी बघंना: सांगलीच्या प्लॅनिंगमधल्या या चुका टाळा

लोकसंख्या वाढणार म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न "रस्ता किती फुटी?" आणि दुसरा "एफएसआय किती मिळतोय?" (म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतंय). जमिनीची लेव्हल काय आहे हे कुणी विचारतच नाही आणि सांगलीची निम्मी दुखणी तिथूनच चालू होतात. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड मिळून 5 लाखांच्या थोडं वर लोक होते, अजून लाखभर वाढले तर ते राहणार कुठं आणि त्यांचं पाणी जाणार कुठं, हे आत्ताच ठरवायला लागतंय. जिथं हमखास गंडतंय तेवढं लिहितो.

ब्लू लाईनच्या बाहेर म्हणजे बिनधास्त?

नाही. या नदीकाठच्या पूररेषा. ब्लू लाईन साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, रेड लाईन 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण 25 वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढं 24 वर्षं सुट्टी असा नसतोय, दरवर्षी 4 टक्के शक्यता असा असतोय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 ला धोका, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मोठे पूर 2005, 2019, 2021 ला, मोजा तुम्हीच. त्यात सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा नदी येऊन मिळते, ती भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि पाणी मागं फुगतं, म्हणून वरच्या कोयना धरणाचा विसर्ग कमी केला तरी सांगलीत लगेच उतरत नाही. (खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं पूर येतो का यावर वाद घालायचाय तर चहाच्या टपरीवर घालू, इथं आपल्या हातातलं बघू.)

ब्लू आणि रेडच्या मधल्या पट्ट्यात बांधायचंच असेल तर राहता मजला रेड लाईनच्या वर घ्या, खाली पार्किंग. आणि मीटर, मोटर, इन्व्हर्टर पार्किंगमध्ये ठेवू नका. एवढं साधं, पण बिल्डिंगा बघा जरा, मीटर बोर्ड गुडघ्याएवढ्या उंचीवर असतोय.

पाऊस नाही तरी गल्लीत पाणी कसं आलं?

हे नाल्यातून आलेलं. गटार उताराने नाल्यात जातंय, नाला नदीत. नदी चढली की तोच नाला उलटा वाहतो आणि काठापासून लांबच्या सखल गल्लीत चेंबरमधून पाणी वर येतं, लोक म्हणतात नाला बॅक मारतोय. उपाय म्हणजे नाल्याच्या तोंडाला फ्लॅप गेट, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही अशी झडप. पण नुसतं गेट बसवून फोटो काढला की झालं असं नाही, कारण गेट बंद असताना शहरातला पाऊस आतच अडकतोय, तो उचलायला पंप लागतात आणि पंपाला लाईट गेल्यावर चालणारा जनरेटर. तिन्ही एकत्र नसतील तर पैसे पाण्यात, अक्षरशः.

रस्ता वर, घर खाली

दर दोन-चार वर्षांनी जुन्या डांबरावरच नवा थर पडतो, खरवडून काढायचं नाव नाही. घराच्या ड्रेनेजच्या 4 इंची पाईपला साधारण 40 फुटाला 1 फूट उतार लागतोय, म्हणजे संडास रस्त्यापासून 60 फूट आत असेल तर दीड फूट हवाच. रस्ता आणि त्याच्याबरोबर गटार फूटभर वर आलं की तो उतार संपला, मग चोकअप, मग उंबऱ्याला कट्टा, मग शेजाऱ्याशी भांडण. खात्री करायची तर गवंड्याकडची पारदर्शक नळी पाणी भरून एक टोक रस्त्याच्या मधोमध आणि दुसरं घराच्या प्लिंथला, म्हणजे जोत्याला धरा, दोन मिनिटांत कळतंय कोण वर कोण खाली. टेंडरमध्ये आधी खरवडा मग डांबर टाका ही अट घालून घेणं हे नगरसेवकाकडं मागण्यासारखं काम आहे, गल्लीच्या कमानीपेक्षा तरी.

काळ्या रानात शोषखड्डा

सांगलीतल्या शामरावनगरच्या बाजूला हे समजतं. खोलगट भाग, काळी माती, त्यात गुंठ्या-गुंठ्याने पडलेले प्लॉट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पहिले पाऊस गटागटा पिते, पण एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी खाली जायचं बंदच. तिथं सेप्टिक टँकला शोषखड्डा जोडला तर तो जुलैत तुडुंब भरून उलटा येणार. मग प्रत्येकजण काय करतोय, आपापल्या प्लॉटवर मुरूम टाकून उंच होतोय आणि पाणी शेजारी ढकलतोय. 10 गुंठ्यांवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 50 हजार लिटर, ते कुठंतरी साचणारच की. अशा भागाला घरटी उपाय नाही. आधी पावसाच्या पाण्याची मुख्य चर, मग सांडपाण्याची बंद पाईप, दोन्ही वेगळ्या, आणि मग रस्ता. आपल्याकडं उलट होतं, रस्ता आधी आणि वर्षभरात ड्रेनेजसाठी खोदाई.

असे गुंठ्यानं पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा 2001 चा कायदा आला, प्लॉट नियमित झाले, पण कागद नियमित झाल्यानं जमिनीचा उतार बदलत नाही. नवीन लेआउटमध्ये ओढा, चर, जुना पाणंद रस्ता सातबाराला नाही म्हणून बुजवू नका, आधी काँटूर सर्व्हे (जमिनीच्या चढ-उताराची मोजणी) करा, ओपन स्पेस सगळ्यात खोल कोपऱ्यात ठेवा म्हणजे मोठ्या पावसात पाणी मैदानात थांबेल, हॉलमध्ये नाही.

वाढीव वस्ती कुठं न्यायची तर नदीपासून उंच आणि जिथं बस, रस्ता, पाईपलाईन आधीच आहे तिथं दाट करा, विश्रामबाग-मिरज पट्टा त्यातल्या त्यात बरा. लांब शेतात पसरलो की तेवढ्याच लोकांना पाईप दुप्पट लागतोय.

सांडपाण्याचा हिशोबही आधी करा. माणशी 135 लिटर पाणी धरलं तर लाखभर माणसांना रोज 1 कोटी 35 लाख लिटर, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतंय. तेवढ्या क्षमतेचा सांडपाणी शुद्धीकरण प्लांट कागदावर असतोय, पण घरांची कनेक्शनं जोडलेली नसली की प्लांट उपाशी आणि नाला नदीत, कृष्णेत सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्याचा विषय सांगलीकराला सांगायला नको.

आणि प्लॉट बघायला एप्रिलमध्ये जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस झड लागली की तिसऱ्या दिवशी जा, ब्रोकर येत नसेल तर एकटे जा, आणि शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ कुठं आहे ते विचारा.