छाटणीआधी एक पान: स्ट्रॅटेजी म्हणजे काय आणि ती लिहायची कशी

सप्टेंबर लागला, द्राक्षबागांची छाटणी जवळ आली की आमच्या नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात जो तो विचारतो, 'यंदा स्ट्रॅटेजी काय?' आणि उत्तर म्हणून फवारणीचं शेड्यूल पुढं येतं. शेड्यूल लागतंच. पण ते फार पुढचं काम झालं. आमच्या शेतकरी गटातल्या पोरांना मी छाटणीआधी हा शब्द मुळापासून सांगतो आणि मग प्रत्येकाकडून आपापल्या बागेचं एक पान लिहून घेतो. तेच इथं मांडतोय.

शब्द ग्रीक आहे. 'स्त्रातोस' म्हणजे फौज आणि 'आगेन' म्हणजे पुढं नेणं. दोन्ही मिळून 'स्त्रातेगोस', सेनापती. त्याचं पद आणि त्याचं काम म्हणजे 'स्त्रातेगिया'. अथेन्समध्ये इ.स.पू. ५०१ पासून असे दहा सेनापती दरवर्षी निवडून देत. पेरिक्लीस त्यांतलाच, वर्षामागून वर्ष निवडून आलेला. या सेनापतींना लोकांपुढं हिशेबही द्यावा लागे. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसायची आरमारी लढाई त्यांनी जिंकली, पण बुडालेल्या जहाजांवरची माणसं वाचवली नाहीत म्हणून अथेन्सनं सहा सेनापतींना देहदंड दिला. लढाई जिंकलेल्यांना! ही गोष्ट मी कधीच गाळत नाही, कारण पानावरची पहिली ओळ तिच्यातून येते.

ती ओळ अशी: निर्णय कुणाचा, आणि हिशेब कोण देणार? एकाच माणसाचं नाव लिहा. आपल्याकडं छाटणीची तारीख शेजारी ठरवतो, औषध दुकानदार ठरवतो, भाव व्यापारी ठरवतो आणि कर्ज मात्र सातबारावर आपल्या नावानं चढतं. घरात वडील, भाऊ, वहिनी सगळ्यांना विचारा, वाद घाला, पण शेवटचा शब्द कुणाचा ते आधी ठरू द्या.

पुढं हा शब्द बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या ग्रंथांत टिकून राहिला. सम्राट सहावा लिओ याच्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर १७७१ साली झालं, तिथून तो युरोपभर गेला. कंपन्यांच्या कारभारात तो रुळला तो १९६० नंतर. आपल्या कामाचा माणूस मधला आहे, प्रशियाचा सेनाधिकारी क्लाऊझेवित्झ. त्याचा युद्धावरचा ग्रंथ १८३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यानं रेघ स्वच्छ ओढली: लढाईत फौज कशी वापरायची ते टॅक्टिक्स म्हणजे डावपेच, आणि युद्धाचा हेतू साधायला लढाया कशा वापरायच्या ती स्ट्रॅटेजी.

हे पोरांना पटतं ते आमच्याच तालुक्यातल्या रामशेज किल्ल्याकडं बोट दाखवल्यावर. १६८२ साली औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान यानं वेढा घातला आणि एवढासा गड पुढं कित्येक वर्षं झुंजला. वरून दगड लोटणं, गोफणी चालवणं, रात्री-बेरात्री रसद आत घेणं हे सगळे डावपेच, आणि त्यात मावळ्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण औरंगजेब खुद्द दक्षिणेत उतरलेला असताना त्याची फौज एकेका गडाखाली अडकवून ठेवायची, हा विचार रामशेजच्या तटावरून होत नाही. तो रायगडावरून होतो. माझ्या मते पान लिहिताना आपणही थोडा वेळ तरी बागेतून बाहेर येऊन बसावं. पंप पाठीवर असताना हा विचार सुचत नाही.

तर दुसरी ओळ हेतूची. 'चांगला माल काढायचा' हा हेतू होत नाही, तो कुणाला नको असतो? माल कुठं जाणार ते लिहा: युरोप, दिल्ली-कोलकात्याची बाजारपेठ की बेदाणा. युरोप म्हटलं की बागेची अपेडाकडं (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी, रेसिड्यूची म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी, घडातल्या मण्यांची काटेकोर विरळणी आणि वहीत प्रत्येक फवारणीची नोंद आली. सटाण्याकडचे शेतकरी आगाप म्हणजे हंगामाआधी छाटणी घेतात, त्यांना भाव मिळतो, पण फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोकाही तेच घेतात. तारीख, मजूर, औषध, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), सगळं या एका ओळीच्या मागून यायला हवं. पेठ-सुरगाण्याहून येणारी मजुरांची टोळी एकाच आठवड्यात सगळ्यांना हवी असते. प्लॉट दोन तारखांना छाटायचा की नाही, ते हेतू ठरल्याशिवाय कळणार कसं?

तिसरी ओळ अवघड: यंदा काय करणार नाही. इथं मी कौटिल्यानं सांगितलेले राजनीतीचे सहा गुण फळ्यावर लिहितो: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव. म्हणजे तह, वैर, स्वस्थ बसणं, चाल करणं, बलवानाचा आसरा, आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणं. आपल्याला विग्रह आणि यान तेवढं येतं. नवी व्हरायटी आली, लावा. शेजाऱ्यानं शेडनेट केलं, करा. 'आसन' सुद्धा निर्णय आहे. यंदा नवी लागवड नाही, असं शाईनं लिहिलेलं असलं की नोव्हेंबरात कुणी रोपं घेऊन दारात आलं तरी मन डळमळत नाही. आणि संश्रयात कमीपणा नाही. मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली ती शेतकरी एकत्र आले म्हणूनच.

शेवटची ओळ, बेत कधी बदलायचा. आकडा किंवा घटना लिहा, 'परिस्थिती पाहून' असं लिहू नका. उदाहरणार्थ: फुलोऱ्यात सलग तीन दिवस पाऊस राहिला तर हा प्लॉट निर्यातीतून काढून लोकल बाजाराला. डोकं शांत असताना हे लिहून ठेवलं की ऐन पावसात घरात भांडण होत नाही.

पान एकच ठेवा, पाठपोट नको. मजुरांच्या मुकादमाला आणि घरच्यांना वाचून दाखवा. त्यांना समजलं नाही ते वाक्य खोडून पुन्हा लिहा. फवारणीचं शेड्यूल मग त्याच्या मागं टाचा.