मुलांना घेऊन बिनखर्चाचा दिवस काढताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार होती. पन्हाळ्यावर तीन दरवाजाच्या सावलीत माझ्या धाकट्यानं बसकण मारली आणि म्हणाला, "आई, आता मी कुठंच येणार नाही." सकाळी जोतिबा झाला होता, त्यात रांगेत दीड तास गेला होता. सज्जा कोठी आणि अंबरखाना बघून झाला होता, पुसाटी बुरूज अजून राहिला होता आणि परतताना रंकाळ्यावर भेळ खायचं ठरलं होतं. हे सगळं ठरवलं होतं आम्ही मोठ्यांनी. त्याला आज विचारलं तर त्या दिवसातलं एकच सांगतो: दगडाच्या फटीतून मुंग्या एक मेलेला भुंगा ओढून नेत होत्या आणि आईनं तो नीट बघू दिला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक दिवस, एक ठिकाण. कोल्हापूरच्या आसपास मुलांना फुकटात हिंडवायला इतक्या जागा आहेत की घाई करायचं काही कारणच नाही. तरी बहुतेक सहली याच घाईनं बिघडतात.

एका दिवसात दोन डोंगर

जोतिबा आणि पन्हाळा एकमेकांसमोर दिसतात, म्हणून "एका दगडात दोन पक्षी" असं आपण सगळेच म्हणतो. दहा वर्षांखालच्या मुलांसोबत तसं करू नका. रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी गर्दी असतेच. पौर्णिमेला आणि चैत्र यात्रेच्या दिवसांत तर लहान मुलाला खांद्यावरच घ्यावं लागतं. देवदर्शन हे देवदर्शनासारखं करा आणि डोंगर बघायला आडवारी जा. गर्दीत जाणारच असाल तर आधी मुलाला एक दीपमाळ दाखवून सांगा, "चुकलास तर हितंच थांबायचं, आम्ही हितंच येणार." खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. डोळ्यात गुलाल गेला तर चोळू देऊ नका, भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा.

पन्हाळ्यावर मुलांना एकटा अंबरखाना पुरतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली ही धान्याची कोठारं आतून एवढी मोठी आहेत की मूल आधी गप्प होतं आणि मग ओरडून बघतं. ओरडू द्या. मग तटावर उभं राहून 1660 ची गोष्ट सांगा. खाली सिद्दी जौहरचा वेढा, वरून पाऊस कोसळतोय आणि त्या रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. गोष्ट त्याच जागी उभं राहून ऐकली की पोरं "ते कुठल्या बाजूनं उतरले?" असं विचारतात आणि आपण तट धरून हिंडत बसतो. 2025 च्या जुलैमध्ये पन्हाळ्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, हेही तिथंच सांगा. भिंतीवर नाव कोरायला निघालेल्या पोराचा हात आपसूक थांबतो.

"फुकट आहे" म्हणून खिशात काही न ठेवणं, किंवा सगळंच ठेवणं

बाग फुकट असते, बागेबाहेरचं नसतं. रंकाळ्यावर फिरायला पैसा लागत नाही, पण भेळ, कणीस, फुगा, बोट आणि घोडा मिळून संध्याकाळी सिनेमाच्या तिकिटाहून जास्त जातात. म्हणून घरातून निघतानाच, दारात चपला घालता घालता सांगायचं, "आज एकच गोष्ट घ्यायची, कुठली ते तू ठरव." तिथं पोचल्यावर सांगितलं तर ते भांडण होतं. निघतानाच सांगितलं तर मूल वाटेत विचार करत बसतं.

डब्याच्या बाबतीत आम्ही आधी फार चुकलो. पुरी-भाजी नेली, तेल सांडलं. पुलाव नेला, दुपारपर्यंत वास मारायला लागला. आता ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गुळाचा खडा आणि मधल्या वेळेला भडंग. दुधात भिजवलेली दशमी असेल तर दोन दिवसही टिकते. भडंगाची पिशवी मात्र मुलांच्या हातात अख्खी द्यायची नाही. तिखट लागलं की पाणी, पाणी झालं की शू, आणि जवळपास सोय नसते. स्वच्छतागृहाचा हा प्रश्न खरा आहे, विशेषतः मुलींसाठी. निघायच्या आधी घरी, आणि वाटेत पहिली बरी जागा दिसेल तिथं, हा क्रम पाळा.

काही ठिकाणं फुकट नसतात, ते आधीच ठाऊक असू द्या. पन्हाळ्याच्या नाक्यावर कर घेतात. दाजीपूरच्या जंगलात जायला शुल्क लागतं. न्यू पॅलेसचं संग्रहालय आणि कणेरी मठाचं संग्रहालय यांनाही तिकीट आहे. चौघांचं कुटुंब दारात पोचून परत फिरलं की मुलांच्या तोंडाकडे बघवत नाही.

चुकीच्या वेळी योग्य जागा

रंकाळा रविवारी संध्याकाळी बघणं म्हणजे माणसं बघणं. तोच रंकाळा हिवाळ्यात सकाळी सात वाजता बघा. पाण्यावर वाफ असते, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात, पलीकडे शालिनी पॅलेस. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठ उघडा पडतो आणि पाणी भरलं की बुडतो. एकच जागा जानेवारीत, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये दाखवा. "मठ कुठं गेला?" हा प्रश्न मूल स्वतःहून विचारेल. पाण्यात हात-पाय घालू देऊ नका, पाणी चांगलं नसतं.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात सकाळी मोर दिसतात. चूक एकच होते, मोर दिसला की सगळे मोबाईल काढून त्याच्या मागं धावतात. जागेवर बसायचं, दहा मिनिटं, न बोलता. पाच वर्षांच्या मुलालाही जमतं, पण आपण आधी बसलो तर.

टाऊन हॉलची बाग लहान मुलांना पुरेशी आहे. जुनी झाडं, सावली आणि गावात असल्यामुळं कंटाळा आला तर पंधरा मिनिटांत घर.

खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात आम्ही भर दुपारी पोचलो होतो. शहरापासून सुमारे 60 किलोमीटर, त्यामुळं उशीर होतोच. चपला बाहेर काढल्या आणि आवारातला दगड असा तापलेला की धाकटा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागला. जाड मोजे बरोबर ठेवा, किंवा साडेनऊच्या आत पोचा. आत स्वर्गमंडपाच्या मधोमध आभाळ दिसतं, तिथं मुलांना गोल दगडावर उभं करून वर बघायला सांगा. बाहेरच्या भिंतीखालचे हत्ती मोजायला लावलं तर अर्धा तास कुणी "कंटाळा आला" म्हणत नाही.

पाण्याशी खेळ

हा भाग जरा सावकाश वाचा. आपल्याकडे नदी म्हणजे घरातलीच, म्हणून भीती वाटत नाही, आणि घात तिथंच होतो.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर ओळखला जातो. पावसाळ्याआधी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पाऊस संपला की परत घालतात. बरगे घातलेले असताना वरच्या बाजूला पाणी थोपलेलं, संथ दिसतं. मुलांना तिथं डुंबावंसं वाटतं. पण ते खोल असतं, तळाला गाळ असतो आणि बरग्यांच्या फटीजवळ ओढ असते. बंधाऱ्यावरून चालतानाही लहान मुलाचा हात सोडायचा नाही. फोटोसाठी कडेला बसवणं तर नकोच.

राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणी येऊन कळ दाबायची वाट बघत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण मुलांना जरूर दाखवा, दरवाजातून पाणी सुटलेलं बघणं हा सोहळाच आहे. पण पावसाळ्यात खाली भोगावतीच्या पात्रात दगडावर बसून डबा खायचा नाही. वर ऊन पडलेलं असलं तरी नाही.

पंचगंगेचं गणित मोठ्या मुलांना शिकवून ठेवा. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट झाले की इशारा, 43 फूट झाले की धोका. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडायच्या आधी ही पातळी बघायचं काम आमच्याकडे थोरलीकडे आहे, ती रोज सकाळी बातम्यांतून सांगते. पातळी चढती असेल तर पन्हाळा-जोतिबाकडचा बेत रद्द. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी आलं की वर गेलेले वरच अडकतात. "जाताना तर रस्ता मोकळा होता" याला काही अर्थ नसतो.

धबधब्यांचंही तेच. पायाखालचं पाणी एकदम गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या, तर वर पाऊस झाला आहे असं समजा आणि मुलांना उचलून बाहेर या. चपला, पिशवी राहिली तर राहू द्या.

मधमाश्या, माकडं आणि धुकं

किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असतं. धूर, अत्तर आणि दगड या तिन्ही गोष्टी त्यांना चिडवतात. चूल मांडून स्वयंपाक करायची हौस कड्याखाली नको. मोहोळ उठलंच तर हात झाडू नका. ओढणी, टॉवेल, जे असेल त्यानं मुलाचं तोंड झाका आणि गाडीत किंवा बंद जागेत पळा. डंखाचा काटा नखानं खरवडून लगेच काढा, मग थंड पाणी. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा पुष्कळ डंख असले तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन.

माकडांसमोर पिशवी उघडू नका, एवढं पुरतं. खाऊ घातलेलं माकड पुढच्या मुलाच्या हातातून ओढून घेतं.

मसाई पठारावर पावसाळा सरताना फुलं येतात. जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, त्यात ही इवली झुडपं उभी असतात. सीतेची आसवं हे नाजूक निळं-जांभळं फूल खरं तर किडे खाणाऱ्या वनस्पतीचं. मुलांना हे सांगितलं की ती पोटावर पालथी पडून बघतात. गाडी पठारावर फुलांत घालणं आणि फोटोसाठी मधोमध बसणं या दोन चुका आपण मोठेच करतो. धुकं उतरलं तर चालत सुटू नका. पठार सपाट आहे, दिशा कळत नाही आणि कडा अचानक येतो. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि धुकं विरायची वाट बघायची.

रस्ता

दुचाकीवर चौघं हे दृश्य आपल्याकडे रोजचं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, वेग 40 च्या आत, असा नियमच आहे. साखर कारखाने सुरू झाले की संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याचशा मागं दिवा नसलेल्या. हिवाळ्यात अंधाराच्या आत घरी या. आणि घाट चढायच्या आधी मुलांना मिसळ देऊ नका. उलटी होत असेल तर पुढं बसवा, लांबचं बघायला लावा, मोबाईल काढून घ्या.

गुऱ्हाळात मात्र घाई अजिबात नको

आमच्या मुलांना सगळ्यात आवडलेला दिवस गुऱ्हाळातला. आता गुऱ्हाळं कमी झाली आहेत, पण थंडीत करवीर, पन्हाळा तालुक्यांत धूर दिसतो. न विचारता आत घुसणं ही पहिली चूक. मालकाला "पोरांना दाखवायचं होतं, बघू का?" एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी रसाचा तांब्या आधी पुढं येतो. दुसरी चूक, मधेच पोचून पाच मिनिटांत निघणं. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडल्यापासून गूळ व्हायला दोन-अडीच तास लागतात. मळी वर येते, ती काढतात, रसाचा रंग बदलत जातो, वास बदलत जातो. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. त्या क्षणी सगळे गप्प असतात, आमचा धाकटासुद्धा.

काहिलीपासून मुलांना चार हात लांब, चपला पायात, आणि चुलवाणाच्या, म्हणजे भट्टीच्या, बाजूला अजिबात नाही. एका मोठ्या माणसानं फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं, त्यानं फोटो काढायचे नाहीत. वाफ्यात ओतलेला गूळ निवला की कुणीतरी उसाच्या कांडक्यावर थोडा काढून देतं. तो लगेच तोंडात घालू देऊ नका, आतून भाजतो. चिपाडाच्या ढिगावर बसवा आणि फुंकत फुंकत, वेळ लावून खाऊ द्या.