‘बघते’ म्हणण्याआधी: चर्चच्या सेवाकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

उपासना संपल्यावर कुणीतरी वही घेऊन येतं, तुमचं नाव लिहून घेतं आणि पुढच्या शनिवारी तुम्ही शिधावाटपाच्या टेबलामागे उभे असता. पिशव्या कशा भरायच्या, टोकन कसं द्यायचं, रांग कुठून वळवायची हे तुम्हाला कुणीही दाखवील. मी त्यात शिरत नाही. मला एका शब्दाबद्दल बोलायचंय, कारण त्या शब्दानं माझं नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी एक वर्ष खाल्लं.

माझा दुसराच महिना होता. घरभेटीला एका आजींकडे गेले होते. घरात आजी आणि नात, दोघीच. नातीला एका कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. श्रवणयंत्राचा खर्च आजींना झेपणारा नव्हता. मी निघाले, चपला घालत होते, तेव्हा आजींनी हळूच विचारलं, “चर्चकडून काही होईल का गं?” मी म्हणाले, “बघते आजी.”

या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. आपण दिवसातून दहा वेळा तो वापरतो. येशील का? बघते. देशील का? बघते. म्हणजे बहुतेक नाहीच, पण तोंडावर नाही म्हणवत नाही, आणि समोरच्यालाही ते कळतं. पण हे बरोबरीच्या माणसांत चालतं. गरज असलेल्या माणसाच्या कानावर तोच शब्द वेगळा पडतो. माझ्या गळ्यात चर्चचं ओळखपत्र होतं. आजींच्या लेखी ‘बघते’ मी म्हटलंच नव्हतं, चर्चनं म्हटलं होतं.

त्यानंतर मी समन्वयकांना जाता-येता ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “बघू.” (सगळेच बघत होते.) मदतनिधीची कमिटी महिन्यातून एकदाच बसते आणि लेखी अर्जाशिवाय विषय तिच्यासमोर येतच नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग माझी परीक्षा आली. दोन महिने मी तिकडे फिरकले नाही. नेमक्या त्याच काळात दुसरी एक संस्था श्रवणयंत्रांसाठी अर्ज घेत होती. शेजारणीनं आजींना फॉर्म आणून दिला आणि आजींनी तो परत केला. म्हणाल्या, चर्चची मुलगी बघतेय, दोन ठिकाणी हात पसरणं बरं दिसत नाही.

मुदत संपली. पुढचे अर्ज वर्षानंतर. पोरीनं ते वर्ष बाईंच्या ओठांकडे बघत काढलं.

आजी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. हे सगळं मला शेजारणीकडून कळलं, आणि तीही रागावली नव्हती. तेच जास्त लागलं.

मी खोटं बोलले नव्हते, हे नीट लक्षात घ्या, कारण फसायला होतं ते इथेच. मला खरंच मदत करायची होती. लोकांना वाटतं, खोट्या आश्वासनाचं नुकसान म्हणजे अपेक्षाभंग. अपेक्षाभंगाची गरिबाला सवय असते, तो त्यातून सावरतो. खरं नुकसान हे की तुमच्या एका शब्दावर तो बाकीची दारं स्वतःच्या हातानं लावून घेतो. आजींना मदत मिळाली नाही हा माझा गुन्हा नाही, तो अधिकार माझ्याकडे नव्हताच. माझ्यामुळे त्यांनी दुसरीकडची मदत नाकारली, हा माझा गुन्हा. हा फरक समजायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

हे काही मी लावलेले शोध नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन यांच्यासोबत संकटग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार देणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांचा: पाहा, ऐका, जोडून द्या. आणि काय करू नये याच्या यादीत खोटी आश्वासनं देऊ नका, हे स्पष्ट आहे. आपल्याला तर एवढं लांब जायचीही गरज नव्हती. होय तर होय, नाही तर नाही, हे बायबलमध्ये मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहेच. मी ते लहानपणी पाठ केलं होतं, बक्षीसही मिळवलं होतं.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले आणि तीही चूकच होती. कमिटीची वाट कोण बघणार म्हणून एका कुटुंबाला मी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. दोन आठवड्यांत त्याच गल्लीतल्या तिघींनी मला गाठलं: तिला दिलेत, आम्हाला का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी काही निकष लावलाच नव्हता. मला ते घर आवडलं होतं, एवढंच. खजिनदारकाकांनी मला बाजूला घेऊन सुनावलं. तेव्हा ते मला कोरडे वाटले, आज त्यांचं म्हणणं शब्दन्‌शब्द पटतं. खिशातली मदत हा सेवेतला सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे. तो घेऊ नका. अगदीच राहवत नसेल तर पैसे निधीत टाका आणि पावती घ्या.

कमिटी, अर्ज, नोंदवही हे सगळं अध्यात्माला सोडून आहे असं नव्या मुलांना वाटतं. मलाही वाटायचं. पण बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडून बघा. पहिल्या मंडळीत, म्हणजे अगदी पहिल्या चर्चमध्ये, भांडण कशावरून झालं? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटत होत्या म्हणून. आणि त्यावर उपाय म्हणून सात माणसं निवडून त्यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. म्हणजे यादीतून कोण सुटलं हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे आणि त्यावरचं उत्तरही.

मग आजींना म्हणायचं काय? मी आता जवळपास हे म्हणते: “आजी, हे ठरवणं माझ्या हातात नाही. कमिटी महिन्यातून एकदा बसते. अर्ज आपण आत्ताच भरू, मी गुरुवारी ऑफिसात देते. उत्तर नाही असंही येऊ शकतं. काहीही असो, कमिटी बसली की दुसऱ्या दिवशी मी सांगायला येईन. आणि तोपर्यंत दुसरीकडचा अर्ज थांबवू नका.” बोलताना जड जातं. पहिल्या वाक्याला समोरच्याचा चेहरा पडतो आणि आपल्याला लगेच ‘पण मी प्रयत्न करते हं’ असं जोडावंसं वाटतं. जोडू नका. ते ‘बघते’चंच भावंड आहे. शेवटचं वाक्य मात्र कधी विसरू नका. बाकीची सगळी विसरलात तरी चालेल.

आणि वही ठेवा. तारीख, घर, काय मागितलं, कोण ठरवणार, परत कधी जायचं, हे रकाने सगळेच आखतात. मी एक जास्तीचा आखते: ‘मी काय म्हणाले’. घरातून बाहेर पडल्यावर, जिना उतरायच्या आत, जसंच्या तसं लिहायचं. पहिल्या महिन्यात तो रकाना वाचून लाज वाटेल. वाटू द्या. वही कुणाला दिसेल अशी ठेवू नका, त्यात लोकांच्या घरातलं असतं.

आता थोडं मार्गदर्शकांबद्दल, आणि हे माझं वैयक्तिक मत आहे. जो माइकवर छान बोलतो त्याच्यामागे फिरू नका. कोठीघराच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो माणूस शोधा. कुठल्या घरी पिशवी दारातच द्यायची, कुठे आत बसायचं, कुठे नवरा असताना जायचं नाही, हे त्याला ठाऊक असतं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे मोजके मित्र विद्यार्थीच होते. तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं, असं वादसभेत कुणीतरी डिवचलं आणि त्यांनी काम सुरू केलं. त्यातूनच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. पण उत्साह असला तरी जायचं कुठे हे त्यांना कळत नव्हतं. ते सांगितलं सिस्टर रोझाली रेंडू यांनी, ज्या पॅरिसच्या मूफतार या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं राबत होत्या. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. त्यालाही बोट धरायला कुणीतरी लागलंच, तेव्हा तुम्हाला लागलं तर त्यात कमीपणा नाही. घरभेटीला दोघांनी जायची त्या सोसायटीची पद्धतही उचलण्यासारखी आहे. माझ्यासोबत त्या दिवशी दुसरं कुणी असतं तर निदान एकाच्या तरी लक्षात राहिलं असतं.

आपल्याला काहीच येत नाही असं वाटून रविवारी मागच्या दारानं निसटणारे तुमच्यात असतील. मीही निसटायचे. थांबा. १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये चाड वारा या पाळकानं आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. त्याला भेटायला आलेल्या लोकांजवळ नंबर लागेपर्यंत बसायला, चहा द्यायला काही स्वयंसेवक होते. हळूहळू दिसलं की बऱ्याच जणांचं मन त्या बसण्यानंच मोकळं होतं, आतल्या भेटीची गरज उरत नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यानं ते काम स्वयंसेवकांकडेच सोपवलं. खचलेल्या माणसांचं ऐकून घेणारी समॅरिटन्स ही संस्था ती हीच. तेव्हा हॉस्पिटलभेटीला जाऊन तुम्ही नुसते गप्प बसलात तरी ते वाया जात नाही. पाठ केलेली वचनं घाईघाईनं म्हणून दाखवण्यापेक्षा तर कितीतरी बरं.

बाकी गोष्टी भरभर सांगते. पिशवी घेणाऱ्याचा फोटो काढू नका. मदतकार्याच्या १९९४ च्या आचारसंहितेत आपत्तीग्रस्तांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणूनच दाखवावं असं कलम आहे, आणि ती मांडणाऱ्यांत रेड क्रॉसबरोबर कॅरिटास ही कॅथलिक मदतसंस्था आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस ही चर्चेसची जागतिक संघटनाही होत्या. त्याच संहितेप्रमाणे मदत हे धर्माच्या प्रसाराचं साधन होता कामा नये. म्हणून आधी प्रार्थना मग पिशवी असा क्रम कुणी लावला तर तिथल्या तिथे विचारा. लहान मुलासोबत बंद खोलीत एकटे कधीच थांबू नका, मूल कितीही ओळखीचं असलं तरी. आणि कुणी विश्वासानं सांगितलेलं दुखणं ‘प्रार्थना विनंती’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मी अशा विनंतीतून एका घरची सगळी कहाणी पूर्ण मंडळीत पसरलेली पाहिली आहे. प्रार्थनेला नाव लागत नाही. फक्त प्रमाणपत्रासाठी आला असाल तरीही या, खुर्च्या उचलायला माणसं लागतातच. घरभेटीला मात्र इतक्यात जाऊ नका.

वर्षभरानं मी पुन्हा आजींकडे गेले. दारात उभी राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. आजी म्हणाल्या, “आत ये, ऊन लागतंय.” अर्ज तिथेच बसून भरला. ठरवणं माझ्या हातात नाही, नाही येऊ शकतं, दुसरीकडचा थांबवू नका, सगळं म्हणाले. आजी उठल्या आणि फळीवरच्या डब्याखालून त्या दुसऱ्या संस्थेचा नवा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, “मग हाही भरून दे.”

यंत्र त्या संस्थेकडूनच आलं. आमच्या कमिटीचा होकार त्यानंतर बारा दिवसांनी आला. वहीत त्या ओळीपुढे मी ‘गरज उरली नाही’ असं लिहिलंय, आणि शेजारच्या रकान्यात आजींना काय म्हणाले होते ते.