प्रचारफेरी आणि सभेत राडा होऊ नये म्हणून: मार्ग, माणसं, माईक

प्रचारातली हाणामारी बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच होते. समोरच्या उमेदवाराचं प्रचार कार्यालय, दोन फेऱ्या मिळतात तो चौक, अर्ज भरायच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेरचा रस्ता, शेवटच्या संध्याकाळचा मुख्य चौक आणि निकालाची मिरवणूक. या जागा आणि वेळा आधीच माहीत असतात. त्यामुळे पोरांना ‘शांत राहा’ म्हणून बजावण्याआधी मार्ग आणि वेळ बघावी. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या विधानसभा-लोकसभा प्रचाराला धरून लिहिलं आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे परवानगीचा अर्ज आणि काही कलमं वेगळी असतात. बाकी व्यवहार तोच.

मार्ग आणि परवानगी

परवानगीसाठी निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर किंवा एक खिडकी कक्षात कार्यक्रमाच्या किमान ४८ तास आधी अर्ज करावा लागतो. मैदान आणि चौक ‘आधी येईल त्याला आधी’ या तत्त्वावर मिळतात. गर्दीच्या दिवसांचे अर्ज म्हणूनच लवकर टाका. फेरी कुठून किती वाजता निघणार, कुठून जाणार, कुठे संपणार हे लेखी द्यायचं असतं आणि आयत्या वेळी ते बदलायचं नसतं. ‘जरा इकडच्या गल्लीतून पण जाऊ’ असं एखाद्या नगरसेवकाने भर रस्त्यात म्हटलं की परवानगी नसलेल्या गल्लीत, बंदोबस्ताशिवाय, समोरच्यांच्या दारात उभं राहायची वेळ येते.

अर्ज टाकण्यापूर्वी फेरीच्याच वेळेला दोघांनी मार्ग पायी चालून बघावा. कागदावर चार प्रकारच्या खुणा कराव्यात: प्रतिस्पर्ध्यांची कार्यालयं आणि उमेदवारांची घरं, अरुंद बोळ, दारूचे अड्डे आणि बार, आणि रस्त्यावर पडलेली खडी, विटा, डबर. चौथी खूण बहुतेकांकडून राहते. हाताशी दगड नसेल तर भांडण शिवीगाळीवर थांबायची शक्यता बरीच वाढते. डबर उचलून घ्यायला वॉर्ड कार्यालयाला आदल्या दिवशी फोन केला तरी चालतो.

आचारसंहितेनुसार दुसऱ्या पक्षाची सभा चालू असलेल्या जागेवरून फेरी नेता येत नाही. दोन पक्षांना साधारण एकाच वेळी एकाच रस्त्याने जायचं असेल, तर आयोजकांनी आधीच एकमेकांशी बोलून टक्कर टाळायची असते. यात कमीपणा काही नाही. दोन्हीकडच्या फेरीप्रमुखांचे मोबाईल नंबर एकमेकांकडे असावेत आणि दोन्ही मार्ग पोलीस ठाण्यात एकाच नकाशावर काढून घ्यावेत. जिथे रेघा छेदतात तिथे किमान पाऊण तासाचं अंतर ठेवा. फेऱ्या उशिरानेच निघतात, त्यामुळे पंधरा मिनिटांचं अंतर कागदावरच राहतं.

भागात जमावबंदी किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश लागू आहे का, हेही ठाण्यातच विचारा. अशा आदेशात काठ्या, दगड बाळगायला बंदी असते. परवानगीपत्र आणि नकाशाच्या प्रती फेरीप्रमुखाच्या खिशात हव्यात, कार्यालयातल्या फायलीत असून उपयोग नाही.

फेरीची रचना

तीस माणसांमागे एक स्वयंसेवक धरा. त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचं जॅकेट हवं, कारण उपरणं सगळ्यांच्याच गळ्यात असतं. सगळे स्वयंसेवक उमेदवाराभोवती गोळा झाले तर शेपूट मोकळं सुटतं. भांडण नेमकं शेपटातच लागतं: पुढचे निघून जातात, मागची दहा-बारा पोरं रेंगाळतात, कोणीतरी गॅलरीतून टोमणा मारतो. म्हणून सर्वात वजनदार, ज्याचा शब्द पोरं ऐकतात असा माणूस शेवटी ठेवा. तापट पोरांना मधे घाला आणि हातात काम द्या: पत्रकं वाटणं, पाणी देणं, वाहतूक मोकळी करणं.

फेरी लांब असेल तर तुकडे करून चौकात वाहनं मधून सोडावी लागतात, आणि शक्यतो रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं असतं. वाहनांच्या ताफ्याला सुरक्षेच्या गाड्या वगळून दहाची मर्यादा आहे. बाईक रॅली शक्यतो टाळाच. वेग आवरत नाही, हॉर्न आणि सायलेन्सरचा आवाज म्हणजेच चिथावणी, आणि पन्नास बाईक थांबल्या की वळायला जागा उरत नाही.

झेंड्यांना बांबू नको. हलका पोकळ प्लॅस्टिकचा पाइप घ्या, लांबी दोन-अडीच फूट पुरे. प्रतिमा, पुतळे जाळणं आचारसंहितेला मान्य नाही. समोरच्यांची पोस्टरं, बॅनर कितीही मनाला लागले तरी आपल्या माणसाने फाडायचे नाहीत.

घोषणा लिहून द्या, चार-पाच, सगळ्या आपल्या उमेदवाराच्या आणि चिन्हाच्या. ‘गद्दार’, ‘खोके’, ‘घरकोंबडा’ असले शब्द सभेतल्या भाषणात निभतात, विरोधकांच्या कार्यालयासमोर निभत नाहीत. त्या शंभर पावलांत घोषणा आणि ढोलताशा बंद, पावलं चालू. तिथे थांबून एक गाणं जास्त वाजवलं की पुढचं सांगायला नको.

समोरासमोर आलात तर

माईकवाल्या रिक्षाचा आवाज आधी बंद करा. आपला बंद झाला की त्यांचाही होतो, निदान त्यांना तो चालू ठेवणं अवघड जातं. मग आपले स्वयंसेवक आपल्याच लोकांकडे तोंड करून, हातात हात गुंफून उभे राहतील. समोरच्यांकडे तोंड केलं की तीच माणसं लढाईची पहिली फळी दिसू लागतात. दोन्ही फेरीप्रमुख मधे भेटतील. ज्याच्या परवानगीत ती वेळ आहे तो आधी जाईल, दुसरा कडेला थांबेल. दोन्ही उमेदवार तिथे असतील तर त्यांनी सगळ्यांसमोर नमस्कार करावा, यासारखा झटपट उपाय नाही. चित्रीकरण एकाच ठरलेल्या माणसाने करायचं. वीस मोबाईल वर गेले की प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर शूर व्हावंसं वाटतं.

सभा

सुट्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हा सभेतला सर्वात धोकादायक माल. २०२४ च्या विधानसभा प्रचारात अमरावती जिल्ह्यातल्या खल्लारच्या सभेत खुर्च्याच फेकल्या गेल्या होत्या. मंडपवाल्याला सांगून सहा-सहा खुर्च्या पायांशी सुतळीने बांधून घ्या, नाहीतर पुढे सतरंज्या अंथरा. मंचासमोर पंधरा-वीस फूट मोकळी जागा, बाहेर पडायला किमान दोन वाटा, आणि त्यातली एक मंचामागून. जनरेटर भाड्याने घेतलाच पाहिजे, कारण वीज गेलेल्या दोन मिनिटांत दगड कुठून आला ते कोणालाच कळत नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद.

कोणी उठून प्रश्न विचारू लागला, घोषणा देऊ लागला तर आपल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही. आचारसंहिताच सांगते की गोंधळ घालणाऱ्यावर आयोजकांनी स्वतः कारवाई करू नये, पोलिसांची मदत घ्यावी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ खाली निवडणूक सभेत गोंधळ घालणं दखलपात्र गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात एक बारीक गोष्ट आहे. सभाध्यक्षाने विनंती केली तर पोलीस संशयिताला जागेवर नाव-पत्ता विचारू शकतात, आणि त्याने तो दिला नाही किंवा खोटा दिल्याचा वाजवी संशय आला तर वॉरंटशिवाय अटक करू शकतात. म्हणून सभेला अध्यक्ष नुसता मानाचा नको. तो कोण हे बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला आधीच दाखवून द्या. वक्त्याने तेवढा वेळ थांबावं, माईकवरून ‘बाहेर काढा त्याला’ म्हणू नये. ते वाक्य नंतर चिथावणी म्हणून ऐकवलं जातं.

अर्ज, शेवटचा दिवस, गुलाल

उमेदवारी अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीच्या १०० मीटरच्या आत तीनच वाहनं आणि आत उमेदवारासह पाचच माणसं जातात. बाकीचा जमाव उन्हात दोन-तीन तास दुसऱ्या जमावासमोर उभा राहतो. त्यांना कचेरीपर्यंत आणूच नका. लांबच्या मैदानावर भाषण करून तिथूनच घरी पाठवा.

जाहीर प्रचार मतदान संपण्याच्या ४८ तास आधी थांबतो. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, प्रचार १८ च्या संध्याकाळी संपला. त्या शेवटच्या दोन तासांत प्रत्येकाला तोच मुख्य चौक हवा असतो. तुमची फेरी तासभर आधी, दुसऱ्या टोकाला संपवा. निकालाची मिरवणूक पराभूताच्या घरावरून नेऊ नका, ग्रामपंचायतीत तर मुळीच नाही, कारण तिथे घरं समोरासमोरच असतात.

झालंच तर

११२ ला फोन, जखमींना सरकारी रुग्णालयात नेऊन नोंद, आणि उरलेल्यांना ताबडतोब पांगवणं, याच क्रमाने. पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदेशीर ठरला की भारतीय न्याय संहितेत हात न उचललेलाही आरोपी होऊ शकतो, त्यामुळे ‘बघायला’ थांबलेल्यांनाही हलवा. तक्रारीला तिघे-चौघेच जा. ठाण्याच्या दारात दोन्ही गट जमले की दुसरी मारामारी तिथेच होते. व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये ठेवा, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीत वेळेचा तपशील राहीलच असं नाही. आचारसंहितेचा भंग असेल तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या तक्रारीच्या ॲपवर घटनास्थळावरूनच नोंदवा. घरी आल्यावर गॅलरीतला जुना व्हिडिओ ते ॲप घेत नाही.