काळी मुसळी ओळखायला निघताना: आधी बुंधा, मग फूल

पहिल्या दमदार पावसानंतर जंगलात जमिनीलगत पिवळ्या चांदण्या दिसू लागतात. त्यातली काळी मुसळी (औषधी कंदाची बुटकी रानवनस्पती) कोणती, हे खात्रीने सांगायचं असेल तर तयारी घरूनच करून निघा. हंगाम जून-जुलै. सकाळी जा, दुपारनंतर फुलं मलूल होतात. पाणी, रेनकोट वगैरे घ्यालच. दहापट भिंग, सहा इंची पारदर्शक पट्टी, पेन्सिल (शाई पावसात पसरते), गुडघ्याखाली घ्यायला प्लास्टिकचा तुकडा आणि हातभर काठी. काठी विसरू नका. पालापाचोळा बोटांनी उकरायचा नाही. कोकणात आणि घाटात या दिवसांत त्याखाली विंचू असतो, फुरसंही असतं.

आता मुख्य गोष्ट: बुंध्याचा, म्हणजे रोप जमिनीतून वर येतं त्या जागेचा फोटो. फुलाचे वीस फोटो काढले आणि हा एक राहिला, तर वीसही वाया. कारण काळ्या मुसळीचं अंडाशय (फुलाचा बी धरणारा भाग) जमिनीत, पानांच्या आवरणांत दडलेलं असतं. फुलाखाली जो बारीक दांडा दिसतो तो दांडा नव्हेच, अंडाशयाची वर लांबलेली चोच आहे. हिच्याशी गल्लत होते ती हायपॉक्सिस ऑरिया या दिसायला सारख्या वनस्पतीची. तिलाही सहा पिवळ्या पाकळ्या, सहा पुंकेसर आणि पाकळ्यांच्या मागे लव. म्हणजे वरून पाहून, किंवा लव आहे म्हणून, निकाल देऊ नका. हायपॉक्सिसमध्ये खरा लवदार दांडा जमिनीवर उठतो, त्यावर एखाद-दुसरं फूल येतं आणि पाकळ्यांच्या लगेच खाली हिरवं फुगीर अंडाशय डोळ्यांना दिसतं. काळ्या मुसळीत तिथे काहीच फुगीर नसतं. फरक इथे आहे.

म्हणून काठीने पाला बाजूला सारा, आडवे व्हा, फुलापासून खाली ती चोच कुठे शिरते ते पाहत जा आणि नेमक्या त्या जागेचा, पट्टी शेजारी ठेवून, फोटो घ्या. बाहेरचं एखादं सुकं आवरण हलकेच सरकवलं तरी चालेल. ओढायचं मात्र नाही. चोच नाजूक असते, तुटते आणि अंडाशय मातीतच राहतं. फूल खुडून घरी आणणाऱ्यांची हीच गत होते: हातात सहा पाकळ्या आणि पुरावा जंगलात. पुन्हा सांगतो, फूल तोडू नका, बुंध्याचा फोटो घ्या.

पानं सोपी आहेत. काळ्या मुसळीचं पान साधारण 15 ते 45 सेंमी लांब, एक-दोन सेंमी रुंद, आणि त्यावर साडीच्या निऱ्यांसारख्या उभ्या घड्या. कधी कधी पानाचं टोक मातीला टेकतं तिथे मुळं फुटून नवं रोप धरतं. तसं दिसलं तर तोही फोटो हवा. हायपॉक्सिसचं पान गवतासारखं, जेमतेम काही मिलिमीटर रुंद. रुंदी अंदाजाने लिहू नका, पट्टी आणली आहे ना? फूल नसेल तर शिंदीची लहान रोपंही फसवतात, त्यांच्या पानांनाही घड्या असतात, पण ती कडक लागतात. फोडशी म्हणजे कुलूची भाजी याच दिवसांत उगवते. तिची फुलं पांढरी आणि उंच तुऱ्यावर, त्यामुळे फुलावर आली की प्रश्न मिटतो.

फुलाचे फोटो समोरून, बाजूने, मागून. पिवळा रंग मोबाईलमध्ये भाजतो, पाकळ्या आणि पुंकेसर एकच डाग होतात. स्क्रीनवर फुलावर बोट टेकवून उजेड कमी करा, फ्लॅश बंद. मग अख्खं रोप, मग आजूबाजूचं जंगल. आणि उठण्यापूर्वी मोबाईलमध्ये तपासा: बुंधा आला का? स्पष्ट आला का? नसेल तर पुन्हा आडवे व्हा, चिखल धुता येतो.

कंद खणून पाहायचा मोह टाळा. बाहेरून काळा, आतून पांढरा, हे माहीत असलं की पुरे. औषधासाठी ही आधीच भरपूर उपटली जाते, आणि राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय झाड उपटणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री तारीख, जागा, सावली की उघडं, मापं, एवढं लिहा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) टाकताना नेमकं ठिकाण झाका, खणणारेही नकाशे बघतात. तरी शंका उरली तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे. तिथल्या जाणकारांना विचारताना बुंध्याचा फोटो सगळ्यात वर ठेवा.