बंकरमध्ये बॉल गेला? आधी या चुका बंद करा

गोल्फमध्ये बॉल बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात पडला की नवीन माणसाचं एक ठरलेलं असतं, घाईघाईत आत उतरायचं, वाळूकडे बघायचंही नाही आणि चमच्याने उचलावा तसा बॉल वर उडवायला जायचं. मग क्लब (गोल्फची काठी) एकतर थेट बॉलच्या पोटावर बसतो आणि बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) पार पलीकडे, नाहीतर क्लब वाळूत रुततो आणि बॉल जागच्या जागी. अहो, बॉल वर काढायचं काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचं, तुम्ही फक्त वाळू मारायची. बॉलच्या साधारण दोन इंच मागे क्लब आत जाऊ द्या आणि पुढून बाहेर निघू द्या. पिन (होलमधला झेंडा) जवळ आहे म्हणून मधेच हात आखडता घेतला की शॉट गेलाच. माझं म्हणाल तर पिन जवळ असली की मी बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) लहान करतो, फॉलो थ्रू (मारल्यावर क्लब पुढे नेणं) मात्र पूर्ण.

फेस (क्लबचं तोंड) ओपन करायचा, म्हणजे आकाशाकडे जास्त उघडायचा असेल तर आधी फेस फिरवा, मग ग्रिप धरा. ग्रिप धरून नुसती मनगटं वळवली तर मारताना फेस परत सरळ होतो.

आता पावसाळ्यातली वाळू. परदेशी व्हिडिओमध्ये तिकडची कोरडी, भुसभुशीत वाळू असते, ते बघून आपले लोक जुलैमध्ये पुण्यात तसाच फेस उघडतात. ओल्या दाबलेल्या वाळूवर सॅन्ड वेजचा (वाळूसाठीच्या क्लबचा) बाउन्स, म्हणजे तळाचा फुगीर भाग, आपटून उसळतो आणि लीडिंग एज (फेसची खालची कड) बॉलच्या मधोमध. अशा वेळी फेस जवळपास सरळ ठेवा, वाळू थोडी कमी घ्या, कमी बाउन्सची गॅप वेज असेल तर तीच काढा. वाळू घट्ट आहे की मऊ ते स्टान्स घेताना (मारायला उभं राहताना) पाय रुतवले की कळतं, पण तेवढा धीर कुणाला आहे! बाउन्स किती आहे ते न बघता महागडी ६० डिग्री लॉफ्टची वेज घेऊन यायला मात्र सगळे तयार.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते फ्राइड एगला, म्हणजे बॉल अर्धा वाळूत गाडलेला असतो तेव्हा. एका क्लब स्पर्धेत आमच्या फोरबॉलमधल्या (चौघांच्या गटातल्या) एकाचा बॉल असाच पुढच्या लिपखाली (बंकरच्या उभ्या काठाखाली) रुतला. कॅडी (क्लब वाहणारा मदतनीस) सांगत होता साहेब, बाजूला काढा, पण साहेबांना पिनच दिसत होती. पहिला शॉट लिपला लागून परत आला तो आणखी खोल, पुढचा तसाच, त्यानंतरचा थेट त्यांच्या नडगीवर! २०१९ पासून बॉल चुकून स्वतःला लागला तर दंड नाही, तेवढंच नशीब. कार्डावर दोन आकडी स्कोअर. बरं, मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूज कोर्सच्या १७ व्या होलवर जपानच्या नाकाजिमाचा पट (ग्रीनवर घरंगळत मारायचा शॉट) घरंगळत रोड होल बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार शॉट लागले आणि त्या होलवर ९ शॉट झाले.

तर रुतलेल्या बॉलला फेस बंद करा, वजन पुढच्या पायावर, क्लब उभा वरून खाली बॉलच्या लगेच मागे हाणा, इथे फॉलो थ्रू विसरा. बॉल खालून निघेल आणि ग्रीनवर खूप पळेल, हे आधीच धरून चाला. लिप उंच असेल तर गुपचूप बाजूला किंवा मागे खेळा. तेही जमणार नसेल तर अनप्लेएबल घ्या, म्हणजे बॉल खेळण्याजोगा नाही असं ठरवून उचला. बंकरमध्येच ड्रॉप केला (हातातून सोडला) तर १ शॉटचा दंड, पिन आणि बॉलच्या रेषेत मागे बाहेर घेतला तर २.

खाली जाणाऱ्या उतारावरच्या लायला (बॉल पडलेल्या जागेला) खांदे उताराला समांतर ठेवा, उंच शॉटची आशा सोडा.

तीस-चाळीस यार्डांचा बंकर शॉट सॅन्ड वेजने जीव खाऊन मारू नका, ९ आयर्न (कमी लॉफ्टचा क्लब) घ्या आणि स्विंग नेहमीचाच ठेवा.

शॉटआधी बॉलच्या मागे वाळूत क्लब टेकवू नका, प्रॅक्टिस स्विंगमध्ये वाळूला लावू नका. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर आपण बंकरमध्ये आहोत हेच डस्टिन जॉन्सनच्या लक्षात आलं नाही, क्लब टेकवला, २ शॉटचा दंड बसला आणि प्लेऑफ हुकला.

आणि बाहेर येताना रेक मारा हो, म्हणजे दाताळ्याने वाळू सारखी करा. शॉट चुकला म्हणून रागाने तसंच चालते होता आणि तुमच्या टाचेच्या खड्ड्यात मागच्या फोरबॉलचा बॉल जाऊन बसतो, त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?